दाजींची मंगलाष्टकं

शहागड,
दि. २७ ऑक्टोबर १९९९

चि. तात्यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. तुझा कॉम्प्युटर बंद पडला. आहे आमचाच, पण कारखान्याच्या ऑफिसातून निघालेलं ते धूड तूच आमच्या घरात आणलंस. म्हणून बिघडला की तुझा.

तू पाठवलेली मेमरीची पट्टी तुझ्या दाजींनी दसऱ्याच्या मुहूर्तावर बसवली. आदल्या दिवशी खंडेनवमीला मी यंत्राची यथासांग पूजा केली. ह्यांनी झाकण काढूनच ठेवलं होतं, म्हणून आतल्या सगळ्याला हळदकुंकू, फूल, अक्षता वाहिल्या. वरवरची पूजा मला जमत नाही. मग तुझ्या सीडीवरून नवं विंडोज टाकायला घेतलं. ते अर्ध्यावर अडकलं, आणि तेव्हापासून निळा पडदा येतो, इंग्रजीत काहीबाही लिहितो आणि थांबतो.

आमच्या छपाईच्या दुकानातल्या लग्नपत्रिका जालन्याहून छापून आणता येतील. पण ह्यांची मंगलाष्टकं त्या धुडात आहेत रे. गळ्याच्या ऑपरेशनआधी तूच माईक लावून भरून घेतली होतीस. ज्यांच्या आवाजाशिवाय पंचक्रोशीत लग्न लागत नव्हतं, ते आता पाटीवर लिहून चहा मागतात. तुळशीच्या लग्नानंतर गिरिजाचं लग्न. पोरीचं एकच म्हणणं, बाबांचाच आवाज लावायचा. कॅसेट करू करू म्हणत राहून गेली. हे दिवसभर त्या पडद्यापुढं बसून असतात आणि मला त्यांच्याकडं बघून भीती वाटते.

हायवेच्या खोदकामात तार तुटल्यानं गावातले फोन बंद आहेत. काय करायचं ते जल्दी कळव.

तुझी,
बेबीनंदा अक्का


पुणे,
दि. ३१ ऑक्टोबर १९९९

ती. अक्कास,
तात्याचा सा. न. वि. वि.

धुडाला नावं ठेवू नकोस. तुझ्या घरात राहून तेही तुझ्यासारखं हट्टी झालंय.

दाजींना सांग, वीज बंद करून नवी पट्टी काढा, पेन्सिलच्या खोडरबरानं तिची पिवळी कड पुसा, खाच नीट साफ करा आणि पट्टी सरळ बसेपर्यंत दाबा. नाहीच जमलं तर जुनी पट्टी परत लावा. तरीही अडलं तर तसंच राहू द्या. भाऊबीजेला मी येतोच आहे.

एक मात्र ऐक. कुणी फॉरमॅट करू म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लाव. फॉरमॅट म्हणजे पाटी ओल्या फडक्यानं पुसणं. तोवर दाजींचा आवाज आत सुखरूप आहे, असं धरून चाल.

दाजींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
तातेराव


शहागड,
दि. ५ नोव्हेंबर १९९९

चि. तात्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज दुपारी आलं. जालन्याचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस काल येऊन गेला.

ह्यांना तपासणीला औरंगाबादला नेलं होतं, घरी मी एकटी. तो म्हणाला की डिस्कच बिघडली, फॉरमॅटबिगर न्हाई चालायचं. मी सांगितलं, त्यात ह्यांचा आवाज आहे. तर म्हणे, डिस्कचा सी भाग तेवढा पुसतो, डी ड्राइव्हला धक्का लागत न्हाई, बिलकुल फिकर करू नका. लग्न तोंडावर आलेलं, तुझं उत्तर नाही. मी हो म्हणाले. एवढं करूनही विंडोज अर्ध्यावरच अडकलं आणि तो हात झटकून गेला.

संध्याकाळी हे आले. पाटीवर लिहिलं, आवाज सी मध्ये होता. मग पाटी पुसली आणि लिहिलं, जेवायला वाढ.

तात्या, ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

अक्का


शहागड,
दि. १२ डिसेंबर १९९९

चि. तातेराव यास,
सर्जेराव दाजींचे आशीर्वाद. वि. वि.

लग्नाची दगदग उरकून तू पुण्याला सुखरूप पोचलास हे कळलं. हे पत्र वाचून फाडून टाक.

भाऊबीजेला तू पुसलेला आवाज परत मिळतो का पाहायला डिस्क पुण्याला घेऊन गेलास, तेव्हा इथे रिकामा डबा उरला. बसून तरी काय करायचं, म्हणून तुझ्या पत्राप्रमाणे पट्टी काढली. खाचेच्या टोकाला तांदळाचा दाणा होता, कुंकवानं लाल झालेला. पट्टी त्यावर तिरपी बसली होती. तुझ्या हाताला काही लागलं नाही आणि तू कोरी डिस्क परत आणलीस. ती लावली तर विंडोज एका दमात चढलं. डिस्क पहिल्यापासून चांगलीच होती.

मला राग आला. खोटं कशाला लिहू, फार आला. दोन दिवस मी पाटी हातात घेतली नाही. पण तिनं ती पूजा ज्या मनानं केली, ते मी समोर बसून पाहिलं होतं. ऑपरेशनपासून ती प्रत्येक देवापुढं माझ्यासाठीच हात जोडते.

लग्नात भटजींनी मंगलाष्टकं बरी म्हटली, जरा घाईत. मामा म्हणून तू गिरिजाच्या मागे उभा होतास, तेव्हा माझे ओठ हलताना तुला दिसले असतील. तुझ्या अक्कानं माझ्या मुठीत अक्षता दिल्या, त्यात मी तो दाणा मिसळला होता. शेवटच्या सावधानला पोरीच्या डोक्यावर टाकला.

बेबीनंदानं कधी विचारलंच तर डिस्क जुनी होती, एवढंच सांग. मीही पाटीवर तेच लिहिलं आहे.

आम्हा दोघांवर लोभ आहे, तो असाच सांभाळ.

तुझा,
सर्जेराव