अकोल्यातली मी

माय, तू गेल्यापासून तुझ्याशी कधी रागानं बोलले नाही. आज बोलते. तीन दिवस झाले, राग अजून उतरत नाही.

गुरुवारी अमरावतीच्या एका दवाखान्यात नर्सच्या जागेसाठी गेले होते. पोरगी कॉलेजला लागली, म्हटलं आता तरी शिकलेलं वापरू. मेट्रनबाईंनी माझे कागद पाहिले, मग माझं तोंड पाहिलं. म्हणाल्या, "या नावाची सिस्टर अकोल्याला माझ्या हाताखाली होती. हेच कॉलेज, हेच गाव बार्शीटाकळी. तिच्याकडे अस्सल कागद होते, तुमच्याकडे दुसरी प्रत आहे. तुम्ही कोण?" माय वो! मी म्हणजे मीच, हे कसं सांगायचं असतं? त्यांनी बजावलं, सोमवारपर्यंत खरी कोण ते दाखवा, नाहीतर मला पोलिसांत कळवावं लागेल.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा मी माझे नर्सिंगचे कागद मागितले होते. तू अंगणात बाजेवर धोतर पसरून मुगवड्या घालते आहेस. हाताचं पीठही न झाडता खेकसतेस, "कागदं काय पयून जातात? लेकरू होऊ दे, मंग नेजो." शेजारी तुझी धाकटी लेक बसली आहे, नर्सिंगला नापास होऊन घरी आलेली. पुढं लेकरू झालं, सासूचं आजारपण निघालं, कागद राहिले ते राहिलेच. तू गेल्यावर पेटीत सापडले नाहीत. मला वाटलं, उंदरांनी खाल्ले. म्हणून दुसरी प्रत काढली.

शुक्रवारी बडनेऱ्याहून गाडी धरली. मूर्तिजापूर येईपर्यंत मनाला समजावत होते, नावासारखं नाव असेल बाप्पा. अकोल्याच्या त्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर धाकटी उभी होती, पांढऱ्या कपड्यात. मला तर ती काउंटरवर बसते म्हणून सांगायची! छातीवर माझं माहेरचं अख्खं नाव.

तिथली आयाबाई मला पाहून हसली. "सिस्टरची बहीण का वो तुमी? चेहरा तं तोच हाये. तुमची माय शेवटी इथंच होती ना. दिवसभर सिस्टरले हाका मारे." आणि तिनं तुझ्या सुरात माझं नाव घेऊन दाखवलं.

मी तिथंच बाकड्यावर बसले. तुझ्या शेवटच्या दिवसांत मी येऊ शकले नव्हते, पोरीला टायफाइड होता. धाकटीनं फोनवर सांगितलं होतं, "ताई, माय शेवटपर्यंत तुह्यंच नाव घेत होती." त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली. तू तर माझ्या नावानं तिला हाक मारून पाणी मागत होतीस.

तिला जिन्याखाली नेऊन विचारलं, "काहून केलं असं?"

रडायला लागली. "मायनंच तुह्ये कागदं पेटीतून काढून देले ताई. म्हने, तिचं पडूनच हाये, तुह्यं तरी पोट भरन. तू सांगितलं तं मी जेलात जाईन वो."

"आन् मले खोटी म्हणून राहिले, त्याचं काय? उद्या एखाद्या पेशंटले चुकीची सुई देली तं?"

"आजवर एक चूक नाही झाली माह्या हातून," असं म्हणाली, वर अभिमानानं. एक थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही.

माय, तुला दोन पोरी होत्या ना गं? मग एकीचं काढून दुसरीला देताना तुझा हात जरासुद्धा अडला नाही? आणि मला एका शब्दानं विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी काय म्हटलं असतं, तेही आता मला कळत नाही.

उद्या सोमवार. खरं सांगितलं तर धाकटी संपली, नाही सांगितलं तर मी. हे लिहिलेलं कुठं पाठवायचं नाही, म्हणून तुला एक सांगून टाकते. निघताना आयाबाई दारापर्यंत आली. "तुमचं नाव इचारायचंच राहिलं बाई," म्हणाली. धाकटी मागं उभी होती, पांढरीफटक पडलेली. मी आयाबाईला धाकटीचं नाव सांगितलं. जराही अडखळले नाही.