आप्पांचं नाक आणि ताईचं चीज

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या डेअरीतलं कडक चीज पोचलं. तुकडा कसला, उंबऱ्याचा दगडच! आधी सगळे खूश होते. काल मात्र त्यावर हिरवट बुरशी दिसली. ही म्हणाली, टाकून देऊ. आप्पा म्हणाले, माझ्या लेकीनं बनवलेली वस्तू या घरात टाकली जाणार नाही. तेव्हापासून सासरे-सुनेचा अबोला, आणि मीठसुद्धा माझ्यामार्फत मागितलं जातं. चीज मी प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून फ्रिजच्या डोक्यावर ठेवलंय. निकाल लवकर कळव. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
गोट्या

ता. ९ फेब्रुवारी

चि. गोट्यास,
अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, फ्रिज काय डोक्यावर सामान ठेवायला घेतलास? थोड्या बुरशीनं कडक चीज वाया जात नाही. बुरशीभोवतीचा भाग बोटभर खोल कापून टाक, पण सुरी बुरशीला लागू देऊ नकोस. उरलेलं कागदात गुंडाळ, वर सैल पिशवी घाल आणि फ्रिजच्या खालच्या खणात ठेव. घट्ट प्लॅस्टिकमध्ये त्याला घाम फुटतो. हाताला बुळबुळीत लागलं किंवा वास नाकात झोंबला, तर मात्र माझी भीड न ठेवता फेक. शंका आली तर आप्पांना हुंगायला दे. दूध करपलेलं जिन्यातूनच ओळखणारं नाक आहे ते! वहिनीला माझ्या वतीनं समजाव.

तुझ्यावर चिडूनही तुझीच,
ताई

ता. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

प्लॅस्टिक सोडलं आणि ही डोळे पुसत गॅलरीत पळाली. चीज पार बुळबुळीत झालं होतं. आप्पांनी ते नाकाशी धरून मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, झकास! तोंडात टाकणार तेवढ्यात मी त्यांचा हात धरला. मला आधी हसू आलं, मग शंका आली. चिरलेला कांदा, फिनेल, माझे मोजे, सगळं त्यांच्या नाकाखाली धरून पाहिलं. काही नाही.

शेवटी खाली बघत म्हणाले, थंडीतल्या त्या सर्दीपासून वासच येत नाही. तुम्हाला कळलं तर गॅसपाशी उभं राहू देणार नाही, म्हणून बोललो नाही. आई गेल्यापासून स्वयंपाकातच त्यांचा जीव रमतो, तुला ठाऊक आहेच. हीच पुढे झाली आणि म्हणाली, स्वयंपाकघर तुमचंच, वास घ्यायचं काम माझं. अबोला तिथेच संपला.

डॉक्टर म्हणतात, नाकात मांस वाढलंय, काढलं की बरं होईल. चीज फेकलं. त्यापायी आमच्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझा,
गोट्या

ता. २० मार्च

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नाक उघडलं! पहिला वास आला तो हॉस्पिटलच्या भाजीचा. वाटलं, डॉक्टरांना सांगावं, होतं तसं परत करा. घरी आलो तर चहा, साबण, ओली माती, सगळे जुने सोबती भेटल्यासारखं झालं. मग खुंटीवरचा स्वेटर घालायला घेतला, तो हातभर लांबच धरला. सबंध थंडी हाच अंगात घालून मी सूनबाईच्या शेजारी जेवायला बसत होतो. तिला विचारलं, एकदाही बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्हाला तो फार आवडतो ना.

ताई, या पोरीशी मी बुरशीवरून भांडलो! स्वेटर आज मीच धुतला. दोनदा.

आम्हा सगळ्यांना असाच जीव लावत राहा.

तुझे,
आप्पा