विनीच्या खोलीतली ऊब

२४ ऑक्टोबर
आज लेनच्या घरी नांदायला आले. पन्नाशीत ‘नांदायला’ म्हणताना माझं मलाच हसू आलं. चढावरचं काळ्या दगडाचं घर, खिडकीतून बंद गिरणीची चिमणी दिसते. लेनने माझं सामान स्वतः वर नेलं आणि चहाही केला. घर गारठलंय, पण हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे केल्याशिवाय हीटिंग लावायचं नाही, हा त्याचा कायदा. दोन स्वेटर चढवून खुशीत झोपले.

२६ ऑक्टोबर
घड्याळं मागे झाली, बॉयलर पेटला, नळ्या कुरकुरल्या. आमच्या झोपायच्या खोलीतला रेडिएटर, गरम पाण्याने तापायचा तो, दुपारपर्यंत ढिम्म गार. मागची शिवणखोली मात्र लगेच भट्टीसारखी तापली. ती विनीची, लेनच्या पहिल्या बायकोची. चार वर्षांपूर्वी गेली बिचारी. लेन मोजे तिथल्याच रेडिएटरवर वाळत घालतो, चहाही तिथेच बसून पितो. म्हणाला, तिला फार थंडी वाजायची. मला जणू वाजतच नाही.

३१ ऑक्टोबर
शेजारीण म्हणाली, आत हवा अडकली असेल. रेडिएटरची चावी फिरवून हवा सोडली, बोटं काळ्या पाण्याने माखली, पण रेडिएटर गारच. तेवढ्यात लेन शिवणखोलीतून बाहेर आला, गाल लाल, हात उबदार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मेलेल्या बाईचा हेवा करू नये, हे कळतं मला. तरी करते.

६ नोव्हेंबर
प्लंबर ओल्डरॉइड येऊन गेला. बोलका माणूस, तीन चमचे साखर घालून चहा घेतो. त्याचं म्हणणं, बॉयलरजवळचा, म्हणजे शिवणखोलीतला, रेडिएटर गरम पाणी आधी ओढून घेतो आणि लांबच्यांना उरलंसुरलं मिळतं. तेव्हा जवळच्याचा व्हॉल्व्ह जरा आवळायचा. “जराच हं बाई. पार बंद केलात तर तिथलं सगळं तुमच्या खोलीत येईल, मग मला बोलावू नका.”
तो गेल्यावर मी पाना घेतला आणि विनीचा व्हॉल्व्ह फिरेनासा होईपर्यंत आवळला. सवतीला घराबाहेर काढल्यासारखं वाटलं. फार बरं वाटलं.

७ नोव्हेंबर
जिंकले. आमची खोली सकाळपासून उबदार आहे. लेन चहा घेऊन इथेच आला, रेडिएटरला पाठ टेकून बसला. शिवणखोलीकडे फिरकलासुद्धा नाही.

१२ नोव्हेंबर
लेन खोलीतून हलत नाही. डोळे मिटून रेडिएटरशी बसतो, हळू आवाजात बोलतो. कोणाशी, म्हणून विचारलं. तुझ्याशीच की, म्हणाला. पण मी दारात उभी होते आणि तो पलंगाकडे बघत होता.
रेडिएटरवर बायकी मोजे वाळत घातलेत. माझे नाहीत.

१५ नोव्हेंबर
पलंगावरची माझी जागा गरम होती, कोणीतरी नुकतंच उठल्यासारखी. मी तिच्यावर पडले, तर ती माझ्याखाली गार झाली. लेनच्या दंडाला हात लावला. तो शहारला, उठला, खिडकी नीट लागली आहे का बघून आला. माझ्याकडे नाही बघितलं.

१८ नोव्हेंबर
व्हॉल्व्ह सोडायला गेले. घेऊ दे तिला तिची ऊब, मला लेन हवा – फिरत नाही. पाना हातात टिकत नाही, बोटं बधिर –
भिंतीपलीकडे, माझ्या खोलीत, लेन हसतोय. माझ्याबरोबर असा कधी – आणि त्याच्यासोबत कोणी बाई –

२० नोव्हेंबर
शिवणखोलीतच आहे. जेवायला हाक नाही. खाली दोन ताटं वाढल्याचा आवाज आला. मी गेले तर दोन्ही खुर्च्या –
माझी खुर्ची, विनी. माझी.

२२ नोव्हेंबर
ओल्डरॉइड आलाय. दोघे दारात उभे आहेत. मी इथेच, समोर, विनीच्या शिवणयंत्राजवळ. लेन म्हणाला, “ही खोली कोणी वापरत नाही. इथून येणारा गारठा बायकोला फार लागतो. रेडिएटर काढून टाका, मी दार कायमचं बंद करून घेतो.”
मी हाक मारली. ओल्डरॉइडने कॉलर वर केली. माझ्या मांडीवरून हात घालून तो नळी – मनगट धरलं त्याचं – त्याने हात नुसता झटकला, थंडीने झटकतात तसा –
लेन, बायको मी आहे – मी, डोरीन – लेन, दार नको –