आग्रा रोड, गाडी बंद!

६ ऑक्टोबर, सोमवार
आग्रा रोड! अख्ख्या धुळ्यात ट्रॅफिकच्या साहेबांना माझ्यासाठी हीच जागा सापडली. दिवाळीपर्यंत अकरा ते आठ पाचकंदील चौकापासून पुढे गाडी बंद — प्रयोग म्हणे. प्रयोग त्यांचा, शिट्टी माझी.
पहिल्याच तासात चौघं म्हणाले, "मॅडम, दोनच मिनिटं." आग्रा रोडवरची दोन मिनिटं म्हणजे पाऊण तास, हे आज कळलं.

७ ऑक्टोबर
साडीवाले महावीरशेठ. स्कूटर थेट स्वतःच्या दुकानाच्या पायरीला टेकवून! काढायला लावली. चिडले.
"ताई, दारात गाडी लागली तरच गिऱ्हाईक वर चढतं. आमची दिवाळी घालवणार तुम्ही!"
"चढेल कुठून शेठ? पायरी तुमच्याच स्कूटरनं अडवलीय."
आजूबाजूचे हसले. शेठ नाही.

८ ऑक्टोबर
पाय!!

१० ऑक्टोबर
लोटननाना चाळीस वर्षं एकाच जागी बसून कंगवे-आरसे विकतात. मला पाणी दिलं आणि वर रस्त्याचा इतिहास फुकट.
"पोरी, मुंबई-आग्र्याना बठ्ठा ट्रक आठूनच जायेत." म्हणजे सगळे ट्रक इथूनच, या साड्यांच्या, बांगड्यांच्या गर्दीतून! मग ट्रक गावाबाहेरून जायला लागले. महावीरशेठचे वडील डोक्याला हात लावून बसले — संपला आग्रा रोड! नानांनी हळूच शेठच्या दुकानाकडे बोट केलं. वरचा मजला त्यानंतरचा आहे.
दर दहा वर्षांनी हा रस्ता मरतो म्हणे. मेलेला एकदाही कुणी बघितला नाही.

११ ऑक्टोबर
शेठ दुकानदारांच्या सह्या गोळा करतायत. "प्रयोग बंद करावा." सोमवारी साहेबांना देणार. साहेब ऐकतील. आणि नंतर सगळे म्हणतील — बाईला जमलं नाही. नऊ वर्षांची नोकरी, आणि एका रस्त्यावरून नाव जायचं!
जेवण गेलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार
आज मजाच झाली!
दुपारी चारच्या सुमारास शेठच्या आई, पानबाई, दुकानावरच्या घरातून खाली उतरल्या. ऐंशीच्या पुढच्या. सून हात धरायला धावली, तर तिचाच हात झटकला. आणि थेट रस्त्याच्या मधोमध उभ्या! मी घाईघाईनं शिट्टी तोंडात धरली — पण वाजवू कुणासाठी? गाडीच नव्हती.
"गुडघे दुखतात ते खोटं," मला म्हणाल्या. "गाड्यांची भीती वाटायची. सहा वर्षं समोरचं बांगड्यांचं दुकान वरून बघतेय. पोरांना सांगितलं की भलताच रंग आणतात."
समोर गेल्या. स्वतः निवडल्या, हिरव्या. घातल्या. मग निघाल्या पाचकंदीलकडे! दुकानादुकानातून माणसं बाहेर — "माँजी, तुम्ही?" प्रत्येकाकडे थांबल्या, दोघांना तर त्यांच्या बापाच्या खोड्या सांगितल्या. मागून शेठ पाण्याची बाटली घेऊन, शाळेतल्या मुलासारखे.
परत आले तर त्यांच्याच पायरीवर गिऱ्हाइकांची ही गर्दी! शेठना आत जाता येईना. शेवटी मी ओरडले, "अहो, जाऊ द्या त्यांना. मालक आहेत!"
शेठ हसले. पहिल्यांदाच.

१३ ऑक्टोबर
शेठनी निवेदन दिलं. सह्या त्याच. फक्त "बंद करावा" खोडून वर पेनानं "कायम करावा"!
साहेबांनी मला बोलावलं. "काय जादू केलीत?"
"काही नाही सर. शिट्टी वाजवली नाही."

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
रस्ता नुसता फुललाय. दोन पोरं हरवली, दोन्ही सापडली. घसा बसला.

२४ ऑक्टोबर
बदलीचा आदेश आला. पिंपळनेर. माझं गाव. जूनमध्ये मीच अर्ज केला होता — धुळ्यात जीव रमेना म्हणून. घरी कुणाला सांगितलंसुद्धा नव्हतं.
आईला फोन केला. "बरं व्हयनं बेटी! कव्हय येशी?"
तोंडातून निघून गेलं, "माय, पहिले तूच आठे ये. तुले एक रस्ता दखाडना शे."