चिमूटभर शिरा

माण, गुरुवार

प्रिय साधना,

रागावण्याचा तुझा अधिकार अबाधित ठेवून लिहितो. मनगटाचं प्लास्टर निघालं, आईला एवढंच सांग.

बाकीचं तुझ्यापुरतं. हाडं ठिसूळ झालीत. डॉक्टर म्हणाले, गहू न सोसण्याचा हा सीलिअ‍ॅक आजार असताना कणभर गहू पोटात गेला तरी आतडं बिघडतं, मग कॅल्शियम नि ड जीवनसत्त्व अंगी लागत नाही. "गहू पूर्ण बंद ना?" मी म्हटलं, "पूर्ण!" सत्यनारायणाचा चिमूटभर शिरा मी गव्हात धरलाच नव्हता.

काल माझ्या जुन्या यजमान चंद्राबाईंच्या नव्या इमारतीत पूजा होती. प्रसाद टाकणाऱ्या मुलीच्या नवऱ्याची नाव बुडते, ही कथा मीच खड्या आवाजात सांगितली आणि लगेच शिऱ्याचा द्रोण माझ्यापुढे आला.

"मला गहू चालत नाही," म्हणालो. पोथी सांगणाराच प्रसाद नाकारतोय!

"आवं गुरुजी, आधी सांगायचं न्हाई व्हय?" चंद्राबाई म्हणाल्या आणि देवापुढचं केळं त्यांनी माझ्या हातावर ठेवलं.

तुझी कंबर कशी आहे? कोवळ्या उन्हात बसतेस ना?

उद्या हिंजवडीत पूजा आहे. तिथं चंद्राबाई नसतील. 'नको' म्हणायचं धैर्य राहो, एवढा आशीर्वाद यावेळी तूच दे.

तुझा भाऊ,
निरंजन