आढ्यावरचं कुंकू

बाबा, त्या सकाळी देवपूजा आटोपून मी माळ्यावर चढलो आणि आपल्या घराच्या आढ्यात स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहिला. तो दांड्यापर्यंत आत गेला, भुगा तोंडावर आला. वरून शाबूत दिसणारं लाकूड वाळवीने आतून खाल्लं होतं, आणि बरोबर त्याखाली आईची खाट.

तुम्ही गावातली छपरं करायचात. एकदा जेवताना दोन्ही हातांची बोटं टेकवून मला दाखवलंत: हे दोन्ही अंगांनी चढत आलेले वासे, आणि त्यांची डोकी जिथं भेटतात ते आढं. कौलांचं ओझं वासे थोडं भिंतींवर उतरवतात, थोडं आढ्यावर. "आढं बसलं का वासे भिंतींना भायेर ढकलतात," तुम्ही सांगताय, आणि आई ओरडतेय, "आदी भात खावा, मंग घर पाडा!"

मी आईला म्हणालो, आढं बदलू या. ती म्हणाली, "नाय. मी मेल्यावर काय ते कर."

"अगं, डोक्यात पडेल."

"पडू दे. तुजे बाबांनी चढवलंय, मला बरं मारंल ते!"

मी टेकू लावला. मग एका दुपारी तांदूळ निवडताना ती आपणहून बोलली. "आढं चढवलं तवा त्याला हळद-कुंकू मी लावलं. नवी नवरी होती मी. तुजे बाबा गेले तवा बायकांनी माजं कपाल पुसलं. वरचं कोन पुसणार? ते हाय आजून."

मी वर जाऊन आलो होतो. तिथं काजळीशिवाय काही नव्हतं. हे तिला सांगितलं नाही. रोज देवाला हात जोडताना मात्र तेच मनात येई.

सुतार सगळे तिकडे उलव्याच्या नव्या इमारतींच्या कामावर. एक मिळाला. आईला पुन्हा विचारलं, तेव्हा ती "कर बाबा" एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. कौलं दोन्ही अंगांनी बरोबरीने उतरवली, कारण एकच अंग मोकळं केलं तर दुसऱ्या अंगाचे वासे आढ्याला लोटतात, हे तुमचंच शिकवणं. नव्या आढ्यासाठी पनवेलहून आणलेला लोखंडी पाइप अंगणात ठेवला. काकी हळद-कुंकवाचं ताट घेऊन आली. "तुजे बायकोला बोलव रं, सुवाशिणीचा मान हाय." आई दाराआड सरकली.

मी ताट घेऊन आईपुढे उभा राहिलो.

"येडा झालास काय? लोक काय बोलतील?"

"तूच लाव."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग काकीकडे. काकी पाइपाजवळून बाजूला झाली. आईने अंगठ्याने पाइपाला कुंकू लावलं, आणि लावताना तुमच्याशी काहीतरी पुटपुटली. ते मी ऐकायला गेलो नाही.

तुम्ही जुन्या वळणाचे. तुम्हाला हे रुचलं असतं का, मला ठाऊक नाही. हे पत्र पाठवता आलं असतं तरी मी पाठवलं नसतं. उत्तराची भीती वाटते. पण आढं आज चढवलं, बाबा, आणि आईला विचारून चढवलं, तुम्हाला न विचारता.