सोमवारची छाती

२ डिसेंबर, सोमवार. अकोट
केस म्हणावी तर ही! जमुनाबाई, वय पंचेचाळीस. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मशीनवर कापूस टाकतात, अकरा वर्षं झाली. छाती आवळते, कोरडा खोकला. कधी वाढतं, ते विचारलं. बाकीचे डॉक्टर हे विचारत नाहीत, म्हणून ते बाकीचे.

"सोमवारी लय धरते," म्हणाल्या. "मंगळवारी कमी. शनवारी तं काईच वाटत नाई."

असं लक्षण आमच्या होमिओपॅथीच्या पुस्तकांत नाही! रविवारी सुट्टी, सोमवारी त्रास — म्हणजे विश्रांतीनं वाढतो. लाल शाईनं लिहून ठेवलं. अडुळशापासून केलेलं औषध दिलं, साखरेच्या गोळ्यांवर. पंधरा दिवसांनी बोलावलंय.

९ डिसेंबर
जमुनाबाईंनी जिनिंगमधल्या आणखी पाच जणी आणल्या. पाचही जणींना सोमवारीच! पाचही नोंदी लाल शाईनं केल्या. ललितला सांगितलं, तर नवरोबा म्हणतात, आता रोग्याची नाडी नको, कॅलेंडर बघ. हसू दे.

१३ जानेवारी
फरक नाही. जमुनाबाई म्हणाल्या, "गोया गोड हायेत, पन छाती काही सुटली नाई." मात्रा बदलली. धीर सोडणाऱ्यातली मी नाही.

१० मार्च
तसंच.

२१ एप्रिल
लागू पडलं! सहाच्या सहा! जमुनाबाई न थांबता दवाखान्याचा जिना चढून आल्या. खोकला नाही, छाती मोकळी. मुद्दाम सोमवारी बोलावलं होतं, तरी काही नाही. मी उगाच स्टेथोस्कोप लावून बसले, ऐकतच राहावं असं वाटत होतं. एवढी खूश मी पदवी मिळाली तेव्हाही नव्हते.

निबंध लिहायचा. अमरावतीच्या परिषदेत वाचायचा. मथळा ठरलाय.

५ मे
जमुनाबाई सल्ल्याला आल्या. शाळेत खिचडी शिजवायचं काम मिळतंय, जूनपासून. मजुरी कमी, पण छातीच्या भीतीनं जिनिंग सोडावी असं मनात होतं. "तुमी सांगान तसं करतो."

जिनिंग सोडायचं कारणच काय, म्हटलं. तुम्ही ठणठणीत आहात, आणि मी आहे की! त्यांना बरं वाटलं. मलाही. शाळेत उद्याच नाही म्हणून सांगते, म्हणाल्या.

१५ जून, रविवार
अमरावतीला देवमन सरांकडे गेले. कॉलेजात त्यांनीच आम्हाला केस घ्यायला शिकवलं. सरांनी सहाही केसेस वाचल्या, अगदी सावकाश. शाबासकीची वाट बघत मी दोन कप चहा प्यायले.

मग एकच विचारलं — "जिनिंग बंद कधी झाली?"

म्हटलं, कापूस संपला की होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. त्याचा इथे काय संबंध? सरांनी फाइल परत दिली. राग आला मला. म्हातारपणी माणसं खुसपटं काढतात, असं मनात म्हणत स्टँडवर आले.

एस.टी.त फाइल उघडली. डिसेंबर ते मार्च, जिनिंग चालू — सहाही जणी आजारी. एप्रिल, जिनिंग बंद — सहाही बऱ्या. आणि सोमवार? रविवारी कापसाची धूळ नाही, छाती जरा सैल व्हायची. सोमवारी पुन्हा धूळ. बस्स, एवढंच. विश्रांतीनं वाढणारा त्रास म्हणे! सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं, लाल शाईनं. माझ्या गोळ्यांनी कुणी बरं झालं नव्हतं.

१६ जून
शाळेत जाऊन आले. खिचडीच्या कामावर दुसरी बाई घेतली.

निबंध फाडला. जमुनाबाईंना सांगायलाच हवं. जिनिंग सुरू व्हायला चार-पाच महिने आहेत, तोवर दुसरं काम शोधून देईन. नक्की.

८ सप्टेंबर
कामासाठी चार ठिकाणी बोलले. जमलं नाही. जमुनाबाईंशी अजून बोलले नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार
आज जिनिंग सुरू. जमुनाबाई कामावर जाता जाता आल्या. सगळं सांगून टाकलं — औषधानं काही झालं नव्हतं, धूळ थांबली म्हणून बरं वाटलं, मी चुकले. अकोल्याच्या छातीच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. जिनिंगमध्ये जाऊ नका, म्हटलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चिठ्ठी टेबलावर ठेवली, आणि रिकामी बाटली माझ्यापुढे केली.

"तुमाले तुमच्या गोयाईवर भरोसा नसन, म्याडम. मले हाय."

मी बाटली भरून दिली.